दुकानाच्या नावाला ‘रेट्रो ब्रश’ अक्षर: घ्यायचं का, आणि घेतलं तर कसं?

या आठवड्याचा लोगोचा व्हिडिओ मला आटोपता घ्यावा लागला आणि त्यात अक्षराच्या वळणाचा विषय जेमतेम दीड मिनिट आला. खरं तर पैसे तिथेच जातात. म्हणून इथे जरा निवांत लिहिते. चहा घेऊन बसा.

तुम्ही हे अक्षर शंभर वेळा बघितलेलं आहे. जाडजूड, उजवीकडे झुकलेलं, प्रत्येक अक्षराने पुढच्याचा हात धरलेला. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळते आणि अख्ख्या नावाखाली झोकात एक रेघ मारते. केकची दुकानं, आइस्क्रीम पार्लर, बर्गरच्या गाड्या, सलून, टी-शर्ट, क्रिकेट टीमच्या जर्सी, सगळीकडे तेच. डिझायनर मंडळी त्याला ‘रेट्रो ब्रश स्क्रिप्ट’ म्हणतात. आपल्याकडे ग्राहक येऊन म्हणतो, “ते कोका-कोलासारखं पाहिजे.”

माझं सांगलीत पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पाऊच, बरण्या, केकचे खोके, लेबल, कापडी पिशव्या. त्यामुळे नवीन धंदा सुरू करणाऱ्या माणसाचा पहिला लोगो बऱ्याचदा माझ्याच काउंटरवर मोबाइलमधून उघडतो. आणि दहातले तीन-चार लोगो याच वळणाचे असतात. काही इतके झकास असतात की वाटतं, अरे, हे दुकान कुठे आहे, बघायला गेलं पाहिजे. काही मात्र मला दोनदा वाचावे लागतात. मी तर पैसे घेऊन वाचतेय, रस्त्यावरचा माणूस दोनदा कशाला वाचेल?

माझं मत आधीच सांगून टाकते. हे अक्षर वाईट नाही. वाईट असतं तर ऐंशी वर्षं टिकलं नसतं. पण ते फक्त नावापुरतं आहे, ते लहान आकारात गुदमरतं, आणि मराठी नावाला ते जसंच्या तसं बसत नाही. या तीन गोष्टी माहीत असतील तर बिनधास्त घ्या.

हे आलं कुठून

थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच याचे गुण आणि दोष दोन्ही आहेत. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा अमेरिकेत दुकानांच्या पाट्या, काचांवरची नावं, सेलचे फलक हे सगळं पेंटर ब्रशने रंगवायचे. ब्रश भरला, एका झटक्यात अक्षर, पुढचं अक्षर. हात वेगात चालतो म्हणून अक्षर झुकतं, आणि ब्रश उचलायला वेळ नको म्हणून अक्षरं जोडली जातात. म्हणजे हे वळण सजावटीसाठी नाही, कामाच्या घाईतून आलेलं आहे. जाहिरातीत ते लोकांना आवडायला लागल्यावर छापखान्यांना तसे खिळे हवे झाले. १९४२ साली अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीने रॉबर्ट स्मिथ यांनी केलेला ‘ब्रश स्क्रिप्ट’ हा टाइप बाजारात आणला. १९५३ साली फ्रान्समधल्या फोंदरी ऑलिव्हने रोजे एक्सकोफों यांचा ‘मिस्ट्राल’ आणला. हे दोन्ही आजही कित्येक कॉम्प्युटरवर ऑफिसच्या सॉफ्टवेअरसोबत आलेले सापडतात.

अडचण तेव्हाही होती. पेंटर ‘ओ’ नंतर ‘आर’ लिहिताना जोड वरून घेतो, आणि ‘ए’ नंतर ‘आर’ लिहिताना खालून. शिशाच्या खिळ्याला हे कसं कळणार? तो एकच. त्यामुळे प्रत्येक अक्षर अशा बेताने करावं लागायचं की शेजारी कोणीही आला तरी जोड जुळेल. २०१० साली अर्जेंटिनाच्या पाब्लो इम्पालारी यांनी ‘लॉब्स्टर’ नावाचा फॉन्ट काढला, त्यात त्यांनी याच दुखण्यावर काम केलं. ठरावीक जोड्यांसाठी वेगळी अक्षरं करून ठेवली, शेजारी बघून फॉन्ट आपोआप आकार बदलतो. जाड, गोलसर, जुन्या पाटीची आठवण देणारा, आणि शिवाय फुकट. मग काय, जगभरातल्या कॅफेंनी तोच उचलला. आता तो इतका झालाय की डिझायनर लोक त्याचं नाव काढलं की हसतात. त्याच पंगतीतला दुसरा म्हणजे व्हर्नन अॅडम्स यांचा ‘पॅसिफिको’. त्याची प्रेरणा १९५०च्या दशकातली अमेरिकेतली समुद्रकिनाऱ्यावरची सर्फिंगची दुनिया.

आणि हो, कोका-कोलाचं अक्षर या जातीचं नाहीच. ते ब्रशचं नव्हे, पेनाचं वळण आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हिशेबनीस आणि कारकून मंडळी जे ‘स्पेन्सेरियन’ नावाचं वळणदार हस्ताक्षर गिरवायची, ते. आणि ते लिहिलं कोणी? कंपनीचा हिशेब बघणाऱ्या फ्रँक रॉबिन्सन यांनी! त्यात बारीक आणि जाड रेघेचा फरक खूप मोठा आहे. ब्रश स्क्रिप्टमध्ये रेघ बऱ्यापैकी सारखी जाड राहते. प्रिंटरकडे जाऊन “कोका-कोलासारखं” म्हणालात तर तो काय दाखवेल याचा भरवसा नाही, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

‘गौरी’चं ‘गाऊन’ कसं झालं

आता एक खरी गोष्ट. नाव बदलून सांगते, कारण त्या ताई अजून धंद्यात आहेत आणि छान चालू आहे त्यांचं. आपण त्यांच्या ब्रँडला ‘गौरी मसाले’ म्हणू.

ताई घरून कांदा-लसूण मसाला करायच्या. ओळखीच्या एका मुलाने लोगो करून दिला. इंग्रजीत ‘गौरी’, जाड ब्रश स्क्रिप्टमध्ये, लाल रंगात, खाली शेपटी, आणि शेवटच्या ‘आय’वर टिंबाच्या ऐवजी लाल मिरची. दिसायला एक नंबर! ताईंनी दोन हजार स्टिकर छापून घेतले.

घोळ काय झाला बघा. जोडून लिहिलेल्या इंग्रजीत ‘आर’ आणि ‘आय’ शेजारी आले की दोघं मिळून ‘एन’सारखे दिसतात. त्यांना वेगळं ओळखायचं एकच साधन, ते म्हणजे ‘आय’वरचं टिंब. आणि टिंब तर मिरची झालं होतं, तेही तोल साधायला जरा उजवीकडे सरकवलेलं. त्यामुळे ओळखीच्या माणसाला ‘गौरी’ दिसायचं, कारण त्याला नाव आधीच माहीत. पण पुण्यात ज्या घरी कोणीतरी भेट म्हणून पाकीट नेलं, त्या बाईंनी वाचलं ‘गाऊन’. मसाला आवडला, पुन्हा मागवायचा होता, म्हणून त्यांनी इन्स्टाग्रामवर ‘गाऊन’ शोधलं. काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच. नाइट गाऊन, पार्टी गाऊन, सगळे गाऊन! मसाला कुठेच नाही. दोन महिन्यांनी त्या सांगलीला आल्या तेव्हा फिरून फिरून ताईंपर्यंत पोचल्या.

हसू येतं, पण विचार करा. या बाई चिवट निघाल्या म्हणून कळलं. ज्यांनी एकदा शोधलं आणि सोडून दिलं, अशा ऑर्डरी किती गेल्या ते कधीच कळणार नाही. दुकानात पाटी नीट वाचता आली नाही तर माणूस निदान आत येऊन विचारतो. पाकिटावरचं नाव चुकीचं वाचलं गेलं, तर तो मोबाइलवर चुकीचंच टाइप करतो आणि तुम्ही त्याच्यासाठी अस्तित्वातच नसता. घरून धंदा करणाऱ्याला हे जास्त लागतं, कारण त्याला पाटीही नसते, रस्ताही नसतो. फक्त नाव असतं.

ताई माझ्याकडे आल्या त्या सगळं फेकून नवीन लोगो करायच्या तयारीने. मी म्हटलं, थांबा. अक्षर चांगलं आहे, ते ठेवा. मिरची काढून ‘शेपटी’च्या टोकाला लावा, आणि ‘आय’ला त्याचं टिंब परत द्या. ‘आर’ आणि ‘आय’मधला जोड थोडा लांबवा. आणि मुख्य म्हणजे खाली साध्या, उभ्या, ठळक देवनागरीत ‘गौरी मसाले’ लिहा. उरलेल्या जुन्या स्टिकरचं काय? त्यांच्याखाली लावायला देवनागरी नावाची आणि फोन नंबरची एक बारीक पट्टी छापली. खर्च काहीशे रुपये. मुलाने तासाभरात फाइल दुरुस्त करून दिली.

तुमच्या नावात असा धोका आहे का ते बघायचं असेल, तर इंग्रजीत ‘आर-आय’, ‘आर-एन’, ‘सी-एल’, ‘व्ही-आय’, ‘यू-आय’ अशा जोड्या शोधा. कस्तुरी, सावरी, मंजिरी, रुई, अर्णव… आपली निम्मी नावं यात अडकतात. आणि परीक्षा घरच्यांवर करू नका. घरच्यांना नाव पाठ असतं. दुकानात आलेल्या पाच अनोळखी माणसांना कागद दाखवा आणि म्हणा, मोठ्याने वाचा. “कसं वाटतं?” असं विचारू नका, सगळे “छान” म्हणतात. नुसतं वाचायला सांगा. एक जण जरी अडखळला तरी अक्षर सुधारायला परत पाठवा.

मराठी नावाचं काय

इथे खरी गंमत आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

लॉब्स्टर, पॅसिफिको, ब्रश स्क्रिप्ट, मिस्ट्राल, यांच्यात देवनागरी नाही. तुम्ही फॉन्ट निवडून मराठीत टाइप केलंत तर कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो, बहुतेक वेळा मंगल किंवा तसलाच एखादा. मंगल वाईट नाही हो. आपल्याच र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला आहे, पण तो स्क्रीनवर मजकूर वाचायला आहे, पाटीवर दोन फुटांचा करायला नाही. मग पाटी तयार होते: इंग्रजी नाव नाचतंय, आणि त्याच्या शेजारी मराठी नाव सरकारी नोटिशीसारखं उभं. तालुक्याच्या गावात बाजारातून एक फेरी मारा, अशा दहा पाट्या दिसतील.

मग देवनागरीला तसाच झुकाव आणि तशीच शेपटी द्यायची का? काही जण साधा फॉन्ट घेऊन सॉफ्टवेअरमध्ये तिरपा करतात. बघवत नाही. त्याला कारण आहे. इंग्रजी जोडाक्षरी वळण खालून जोडतं, अक्षरं जमिनीवर हात धरून चालतात. आपली अक्षरं वरून शिरोरेषेला टांगलेली असतात. शिवाय देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट दिशेने तिरपा कापतात, त्यामुळे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक हे गणितच वेगळं. आणि आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. त्या जागेत शेपटी फिरवली तर ती उकाराला जाऊन धडकते. ‘कुरकुरे’ लिहून खाली शेपटी मारून बघा!

म्हणून नक्कल करू नका, जात जुळवा. जाडी सारखी ठेवा, टोकं गोल असतील तर इकडेही गोल ठेवा, रंग एक ठेवा. मराठी सरळ उभं असलं तरी चालतं. गुगल फॉन्ट्सवर मिळणारे काही देवनागरी फॉन्ट यासाठी कामाचे आहेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘बलू’ हा जाड आणि गोलसर आहे, लॉब्स्टरच्या शेजारी भावासारखा बसतो. त्यांचाच ‘मोदक’ आणखी गुबगुबीत, अगदी नावाप्रमाणे. मिठाई, केक, लहान मुलांचे कपडे यांना शोभतो, वकिलाच्या ऑफिसला नाही. ‘यात्रा वन’ मला सगळ्यात आवडतो. मुंबई लोकलच्या स्टेशनांवर हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो केलेला आहे. आधी देवनागरी केली आणि इंग्रजीला तिच्या मागे चालायला लावलं, म्हणजे नेहमीच्या उलट. जुन्या जमान्याचा वास हवा असेल तर अमेरिकेतल्या सर्फिंगपेक्षा दादर स्टेशन आपल्या गिऱ्हाइकाला जास्त जवळचं नाही का?

फॉन्ट निवडताना तुमचं नाव तर टाइप कराच, पण हेही करा: ‘श्री’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ट्र’, ‘पुऱ्या’, ‘ॲ’. ‘पुऱ्या’मधला अर्धा ऱ नीट येतो का बघा. आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, ते बघा. गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, पण ‘लक्ष्मी’ हिंदी वळणाने लिहिलं की कोल्हापूर-सांगलीच्या डोळ्याला काहीतरी परकं लागतं.

थोडे पैसे असतील तर मात्र माझा सल्ला वेगळा आहे. फॉन्ट घेऊच नका. अक्षर काढणाऱ्या माणसाकडून फक्त तुमच्या नावाची तीन-चार अक्षरं हाताने काढून घ्या. आपल्याकडे याची परंपरा अमेरिकेपेक्षा कमी नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी काढली की वर्तमानपत्रातली जाहिरात लांबून बघूनही नाटक ओळखू यायचं. ते २०२० साली गेले, पण ती अक्षरं अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. आणि गावातला पेंटर? फ्लेक्स आल्यापासून बिचाऱ्याचं काम गेलं. दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ नावाचा उपक्रम करून अशा रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं फॉन्टच्या रूपात जपायचं काम केलं, इतकी ती चीज आहे. तुमच्या गावात असा एखादा पेंटर उरला असेल तर त्याच्याकडे जा, कागदावर नाव रंगवून घ्या, फोटो नको, स्कॅन करा, आणि डिझायनरकडून त्याची रेषेतली फाइल, म्हणजे व्हेक्टर, करून घ्या. जगात दुसऱ्या कोणाकडे ते अक्षर नसेल. फॉन्टमधला लोगो मात्र उद्या समोरच्या गल्लीतला माणूस त्याच फॉन्टमध्ये करू शकतो, आणि तुम्ही त्याला काही म्हणू शकत नाही.

पाटी करताना

आता कारागिराकडच्या गोष्टी. यात थेट पैसा आहे.

आधी अंतर. पाटीवाल्यांचा जुना हिशेब असा की दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. समोरचा फुटपाथ साठ फुटांवर असेल तर सहा इंच. हा हिशेब साध्या, सुट्या अक्षरांचा आहे. ब्रश स्क्रिप्टला मी दीडपट धरते, म्हणजे नऊ इंच. आणि उंची मोजायची ती पहिल्या मोठ्या अक्षराची नाही, मधल्या लहान अक्षरांची. पहिलं अक्षर दोन फूट असतं आणि बाकीची पाच इंच, मग लोक म्हणतात “एवढी मोठी पाटी केली तरी दिसत नाही.”

जोडाक्षरी वळण कधीही सगळं मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये, लिहू नका. ती अक्षरं फक्त शब्दाच्या सुरुवातीला उभी राहायला केलेली असतात. सगळी एकत्र आली की लग्नाच्या मांडवात सगळेच नवरदेव! तसंच अक्षरांमधली जागा वाढवू नका, जोड तुटतात आणि मध्ये फटी दिसतात. पाटी लांब आहे म्हणून नाव आडवं ताणू नका.

व्हिनाइल कटिंग किंवा अॅक्रिलिकचं काम असेल तर फाइल देण्याआधी अक्षरं ‘वेल्ड’ झाली आहेत का विचारा. फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. स्क्रीनवर ते दिसत नाही, पण मशीन मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि जोडावर चिरा पडतात. कोरलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, पण न सांगता कोणी करत नाही. आणि टेक्स्ट कर्व्हमध्ये बदलून द्या, म्हणजे प्रिंटरच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला तरी नाव बदलणार नाही.

एलईडीची अक्षरं करत असाल तर जोडलेल्या नावाचा फायदा आहे: अख्खं नाव एकाच पेटीत बसतं, वायर कमी, भोकं कमी. तोटाही तोच. एक कोपरा फुटला की सगळं उतरवायचं. आणि अक्षरांमधले बारीक जोड, शेपटीचं निमुळतं टोक, यात एलईडीची पट्टी मावत नाही, तिथे रात्री अंधार दिसतो. म्हणून जाड वळणच घ्या, आणि शेपटीचं टोक बोथट करून घ्या.

लहान आकारात उलटा प्रश्न. जाड अक्षराचं पोट, म्हणजे ‘ए’, ‘ओ’, ‘इ’च्या आतली पोकळी, बुजते. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग केलं की शाई पसरते आणि ती आणखी बुजते. रबरी शिक्क्यावर तर विचारूच नका. मी लोकांना सांगते की नाव व्हॉट्सअॅपच्या गोल डीपीमध्ये टाकून हात लांब करून बघा. वाचता येत नसेल तर डीपीसाठी फक्त पहिलं अक्षर घ्या, पूर्ण नाव नको.

आणि पाकिटावर नाव सोडून बाकी काहीही या अक्षरात छापू नका. घटक, वजन, एमआरपी, तारीख, पत्ता, ग्राहक तक्रारीचा नंबर. पॅकबंद मालाच्या नियमांनुसार ही माहिती स्पष्ट आणि वाचता येईल अशी असावी लागते. ‘निव्वळ वजन २०० ग्रॅम’ हे झोकदार वळणात लिहिलेलं मी बघितलंय. तिथे साधं अक्षरच हवं.

दोन कागदी गोष्टी

पहिली, फॉन्टचा परवाना. नेटवरून उतरवलेल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये एक छोटी मजकुराची फाइल असते, ती कोणीच उघडत नाही. उघडा. ‘पर्सनल यूज’ लिहिलं असेल तर तो फॉन्ट पोरीच्या वाढदिवसाच्या कार्डाला चालेल, धंद्याला नाही. धंद्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. बाजारात दिसणारे नवीन, देखणे रेट्रो ब्रश फॉन्ट बहुतेक याच प्रकारचे असतात. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ असेल तर धंद्याला बिनधास्त वापरा, फक्त तो फॉन्ट स्वतःच विकायला काढू नका. लॉब्स्टर, पॅसिफिको, बलू, मोदक, यात्रा वन हे सगळे या परवान्यात आहेत. लोगो कोणाकडून करून घेत असाल तर बिलावरच फॉन्टचं नाव आणि परवाना लिहून मागा.

दुसरी, पाटीचा कायदा. महाराष्ट्रात दुकान असेल तर नाव देवनागरीत मराठीत हवंच, इतर भाषेतही लिहिता येतं, पण मराठी आधी यायला हवं आणि त्याचा आकार इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या लहान दुकानांनाही हे लागू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. तर हिशेब असा करा: इंग्रजी ब्रश स्क्रिप्ट शेपटीसकट अर्धी पाटी खाणार असेल, तर मराठी नावालाही तेवढीच जागा लागणार. म्हणून डिझायनरला आधी मराठी नाव बसवायला सांगा आणि मग इंग्रजी. उलटं केलं की शेवटी मराठी कोपऱ्यात कोंबलं जातं आणि पाटी दुसऱ्यांदा करावी लागते.

नावाचा ट्रेडमार्क करायचा विचार असेल तर तिथेही अक्षराचा संबंध येतो. नुसत्या शब्दाचा अर्ज केला तर तो शब्द कुठल्याही वळणात लिहिला तरी तुमचा. लोगोचा अर्ज केला तर ते विशिष्ट चित्र तुमचं. उद्या अक्षर बदलायची शक्यता असेल, आणि ब्रश स्क्रिप्टची हौस पाच-सात वर्षांत फिटते असा माझा अनुभव आहे, तर आधी शब्दाचा अर्ज करा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला दर वर्गामागे ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. मसाले, फरसाण, बेकरीचा माल तिसाव्या वर्गात येतो. ‘गौरी’सारखं सर्रास नाव असेल तर ते आधी कोणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं. स्टिकर छापण्याआधी शोधा.

पुढच्या आठवड्यात लेबलवरच्या बारीक मजकुराचा व्हिडिओ येतोय: कुठली माहिती सक्तीची, किती मिलिमीटरची, कुठे. तोपर्यंत तुमच्या नावाचा एक साधा काळा-पांढरा प्रिंट ए-फोर कागदावर काढा, रस्त्यापलीकडच्या भिंतीला चिकटवा, आणि दुकानात येणाऱ्या पहिल्या पाच जणांना वाचायला सांगा.